अंजिराचं पिंप

लिफ्टवाल्याला बंद पडलेल्या लिफ्टची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती गच्च भरलेल्या लिफ्टची. सव्वीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करत होता. आतल्या पाटीवर ‘सहा माणसं, चारशे आठ किलो’ असं लिहिलेलं असताना आठ जण दाटीवाटीने उभे राहिले, की तो दारात पाय घालून उभा राहायचा आणि दोघांना उतरवल्याशिवाय हलायचा नाही. “पाटी शोभेला लावलेली नाही,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. लोक वैतागायचे, पण उतरायचे.

अशा माणसाने स्वतःच्या गॅलरीत अंजिराचं झाड लावलेलं भलंमोठं पिंप ठेवलं होतं, आणि त्याचं वजन किती असेल हा विचार एकदाही त्याच्या मनाला शिवला नव्हता.

झाडाची सुरुवात चार वर्षांपूर्वी झाली. कामावर असताना त्याचं उजवं मनगट मोडलं आणि तो चार महिने घरी बसला. बायको चष्म्याच्या दुकानात नोकरीला. ती दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावून घरी यायची, तर हा दारातच तिला सांगायला बसलेला: नळाचा वॉशर गेलाय, कपाटाचं दार कुरकुरतंय, खालच्या फळीवर डबे उलटे ठेवलेत. शेवटी एक दिवस तिने रोपवाटिकेतून वीतभर उंचीचं अंजिराचं रोप आणून त्याच्या पुढ्यात ठेवलं. “मला सूचना देता ना, त्या आता याला द्या,” ती म्हणाली.

रोपाने सूचना मनावर घेतल्या. रंगाच्या डब्यातून ते बादलीत गेलं. वर्षभरात बादलीही पुरेना, तेव्हा त्याने निळं प्लास्टिकचं पिंप वरून कापलं, तळाला भोकं पाडली आणि गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवून मातीने भरलं. झाडाची पानं आता वरच्या छताला टेकत होती. यंदा पहिल्यांदाच फळं धरली होती. तेवीस. अंगठ्याएवढी, हिरवी, टणक. लेक दुसऱ्या गावी शिकत होती. ती फोनवर आईची खुशाली नंतर विचारायची, आधी विचारायची, “बाबा, अंजिरं पिकली का?”

“तीन आठवडे,” तो सांगायचा. “फार तर साडेतीन.”

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्याला बोलावलं. बाई निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. गॅलरीतला दिवा लागत नव्हता. स्टुलावर चढून बल्ब फिरवता फिरवता लिफ्टवाल्याची नजर वर गेली आणि त्याचा हात थांबला.

छताला भेग पडली होती. भिंतीपासून निघून कठड्याकडे गेलेली, केसापेक्षा थोडी जाड, दोन वीत लांब. तिच्या दोन्ही बाजूंना तांबूस डाग पसरला होता. त्याने मनातल्या मनात आपली गॅलरी आठवली. भेगेच्या बरोबर वर पिंप होतं.

“काय झालं? नवा आणायला हवा का?” बाईंनी खालून विचारलं.

“नाही, नाही. लागला की.”

दिवा खरंच लागला, आणि त्या उजेडात भेग जास्तच स्पष्ट दिसायला लागली. बाई मात्र वर बघत नव्हत्या. त्या आपली वेताची खुर्ची पुन्हा जागेवर सरकवत होत्या. त्या खुर्चीत बसून रोज सकाळी दोन-अडीच तास त्या पेपर वाचायच्या, शब्दकोडं सोडवायच्या. खुर्चीची जागा भेगेच्या खाली होती.

वर आल्यावर त्याने कामावरच्या एका तक्रारीच्या पावतीच्या पाठीमागे हिशोब मांडला. दीडशे लिटर माती, तीही ओली. वर झाड. त्याने तीनदा गुणाकार केला आणि तिन्ही वेळा उत्तर पावणेतीनशे किलोच्या आसपास आलं. म्हणजे चार माणसं. चार माणसं तीन वर्षं एका कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून, एकदाही न बसता उभी होती. दुसऱ्या कोणाच्या घरी त्याने असं काही पाहिलं असतं, तर आरडाओरडा करून इमारत डोक्यावर घेतली असती.

त्याच क्षणी खाली जाऊन सांगायला हवं होतं. हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत सोसायटीचे लोक येऊन पिंप रिकामं करायला लावणार. आणि सगळे म्हणणार, बघा, हाच आम्हाला लिफ्टमधून खाली उतरवतो. इमारत जुनी आहे, भेगा काय सगळीकडेच असतात, तो स्वतःला समजावत राहिला. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. अंजिरं उतरवली की आपण होऊन पिंप काढायचं. कोणाला कळायलाही नको.

दुसऱ्या दिवशी दिवा नीट चालतोय ना, हे बघायला तो पुन्हा बाईंकडे गेला. त्या चहा टाकायला आत गेल्या तसा तो स्टुलावर चढला आणि भेगेच्या टोकाशी पेन्सिलने बारीक खूण केली. तीन दिवसांनी तो पाना विसरल्याचं निमित्त करून आला. भेग खुणेच्या बोटभर पुढे गेली होती.

“लिफ्टवाले, मानेचा त्रास आहे का तुम्हाला?” बाईंनी विचारलं. “सारखी वर करता म्हणून विचारलं.”

“कामाचं आहे ते,” तो म्हणाला. “वर बघूनच आयुष्य गेलं.”

त्या हसल्या. त्याने मात्र चहा अर्धाच ठेवला.

आता त्याने पाणी कमी केलं. कोरडी माती हलकी असते, हे साधं गणित. दोन दिवस त्याने झाडाला थेंबही घातला नाही. तिसऱ्या दिवशी पानं माना टाकून लोंबायला लागली आणि तीन अंजिरं फरशीवर पडलेली सापडली. ती त्याने उचलून खिशात घातली. मग बायको आंघोळीला गेलेली बघून त्याने बादलीभर पाणी पिंपात ओतलं, आणि ओतताना प्रत्येक तांब्यामागे एक किलो, एक किलो असं त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

कामात त्याचं लक्ष लागेना. एका दवाखान्याच्या लिफ्टमध्ये त्याने दाराची कळ उलटी बसवली. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. सकाळी कामावर निघण्याआधी तो गॅलरीत जायचा, तेही कडेकडेने, भिंतीला धरून. कठड्यावरून वाकून बघितलं की खाली बाईंचा हात दिसायचा, पेन धरलेला. कोड्यातला शब्द अडला की त्या पेनाने कठड्यावर टकटक करायच्या. तो आवाज ऐकला की तो मागे सरायचा, आणि थांबला की पुन्हा वाकून बघायचा.

बाईंना तिथून उठवायचं कसं? आधी त्याने त्यांना सांगून पाहिलं की सकाळचं ऊन डोळ्यांना वाईट, आत बसावं. बाई म्हणाल्या, तुमची बायको तर ऊन घ्या म्हणते. मग त्याने कबुतरांची भीती घातली. बाईंना कबुतरं आवडत होती. शेवटी एका रविवारी तो ब्रश आणि तेलरंगाचा डबा घेऊनच त्यांच्या दारात उभा राहिला. कठडा गंजतोय, उरलेला रंग आहे, फुकट जाण्यापेक्षा मारून देतो. रंग मारून झाल्यावर त्याने बजावलं, “चार दिवस इकडे फिरकायचं नाही. वास वाईट असतो, डोकं धरतं.”

चार दिवस तो जरा बरा झोपला. पाचव्या दिवशी पुन्हा टकटक ऐकू आली. त्याच संध्याकाळी तो डबा घेऊन खाली गेला. “दुसरा हात मारल्याशिवाय रंग टिकत नाही,” तो म्हणाला.

तो वर आला तेव्हा बायको दारातच उभी होती. तिने त्याच्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं.

“आपल्या दाराला सात वर्षांत रंग लागला नाही,” ती म्हणाली. “आणि बाईंचा कठडा आठवड्यात दोनदा? काय चाललंय?”

“काही नाही गं.”

“अहो, मी दिवसभर लोकांचे डोळे तपासते. माणूस दिसत नसताना दिसतंय म्हणतो, ते मला पहिल्या ओळीला कळतं. बोला.”

तो चपलांच्या मांडणीवर बसला आणि सगळं सांगून टाकलं. भेग, पेन्सिलची खूण, तक्रारीची पावती. सांगून झाल्यावर तिने गॅलरीचं दार आतून लावून घेतलं, तिथे वाळत घातलेले कपडे तसेच राहू दिले, आणि मग म्हणाली, “खाली जा. आत्ता.”

“आता कुठल्या तोंडाने सांगू? सोळा दिवस झाले.”

“सतरावा व्हायच्या आत सांगा.”

बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात शब्दकोड्याचं पान होतं. “तिसरा हात मारायचा आहे का?” त्यांनी हसत विचारलं.

त्याने आत येऊन, उभ्यानेच, सगळं सांगितलं. मग त्यांना गॅलरीच्या दारापर्यंत नेऊन, बाहेर पाऊल न टाकता, बोटाने भेग दाखवली. बाईंनी चष्मा वर सरकवून पाहिलं. पेन्सिलच्या चार खुणा होत्या, एकापुढे एक.

“या तुम्ही केल्यात?”

“हो.”

“म्हणजे मी रोज याच्या खाली बसत होते, आणि तुम्ही येऊन मोजून जात होतात.”

“हो.”

“कशाची वाट बघत होतात?”

दुसरं कुठलंही उत्तर त्याला सुचलं असतं तर त्याने ते दिलं असतं. “अंजिरं पिकायची,” तो म्हणाला.

बाईंनी चष्मा पुन्हा नाकावर घेऊन त्याच्याकडे पाहिलं. वर्गात त्या अशाच बघत असणार. मग त्यांनी गॅलरीचं दार ओढून घेतलं, कडी घातली, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. “पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं मी. खोटं बोलणारी पोरं पुष्कळ पाहिली. पण माझ्या डोक्यावर छत लटकवून वर चहा पिऊन जाणारं एकही नव्हतं. जा तुम्ही. आधी ते खाली आणा, मग मला तोंड दाखवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रजा टाकली. सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करून सगळं कबूल केलं. सेक्रेटरी इंजिनिअरला बोलावतो म्हणाला, पण इंजिनिअर दुपारनंतरच येणार होता आणि तोवर पिंप तिथे राहू देणं लिफ्टवाल्याला सोसवत नव्हतं. ते ओढायचं नाही, हे त्याने आधीच ठरवलं होतं. ओढलं तर सगळा भार एका कडेवर येणार. आहे त्या जागीच मूठ मूठ करून रिकामं करायचं. त्याने कामावरचा सेफ्टी बेल्ट कमरेला आवळला. आतल्या खोलीच्या चौकटीला पलीकडून लोखंडी पाइप आडवा टेकवून त्याला दोर बांधला.

“मी बाहेर असताना तू गॅलरीत पाय ठेवायचा नाही,” त्याने बायकोला सांगितलं. “काहीही झालं तरी.”

“आणि तुम्हाला काही झालं तर?”

“दोर आहे.”

तिने दोराची गाठ दोनदा ओढून पाहिली.

आधी त्याने फांद्या कापल्या. प्रत्येक घावातून पांढरा चीक निघत होता आणि मनगटावर पडला की आग होत होती. वीस अंजिरांपैकी एकही पिकलेलं नव्हतं. फांद्यांबरोबर ती बादलीत गेली. मग तो गुडघ्यावर बसून खुरप्याने माती काढायला लागला. लहान बादली भरली की दारातून बायकोकडे सरकवायची, ती पोत्यात रिकामी करायची. दर बादलीनंतर तो थांबून कान द्यायचा. खालून काही करकरतंय का? एकदा कुठूनतरी बारीक खडे पडल्यासारखा आवाज आला, आणि तो पाच मिनिटं तसाच बसून राहिला. शेजारच्या इमारतीत कोणीतरी फरशी घासत होतं.

अर्ध्यावर आल्यावर माती चिखल झाली होती. हात घातला तर पाणी लागलं, काळं, कुबट वासाचं. तळाची भोकं बुजली होती. दोन दिवस पाणी न घालून आपण भार कमी केला असं त्याला वाटत होतं, आणि इथे तळाशी बादल्याच्या बादल्या पाणी साठून होतं. बायको एकेक बादली मोजत होती. एकेचाळिसावी बादली बाहेर गेली तेव्हा पिंपात झाडाचं खोड आणि मुळांचा गुंता एवढंच उरलं. आता ते एका हाताने उचललं जायला हवं होतं. त्याने हात लावला. पिंप हललं नाही.

त्याने पुन्हा जोर लावला. जमिनीला खिळल्यासारखं ते तिथेच.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

तो आडवा झोपला आणि फरशीला गाल टेकवून पिंपाखाली पाहिलं. तळाच्या भोकातून अंगठ्याएवढं जाड मूळ बाहेर आलं होतं आणि दोन फरश्यांच्या मधल्या सांध्यात घुसलं होतं. फरशी एका बाजूने उचलली गेली होती. मूळ तिच्याखाली कुठवर गेलंय ते दिसत नव्हतं.

“करवत दे,” तो म्हणाला. “लहान.”

तो अगदी हळू, कमीत कमी हादरा बसेल असा कापत होता. मूळ चिवट होतं. शेवटचा धागा तुटला, पिंप कुशीवर झुकलं, आणि त्याच वेळी खालून आवाज आला. धप्प. मग काहीतरी घरंगळल्याचा.

“बाई!” तो ओरडला. “बाई!”

उत्तर आलं नाही. बायको जिन्याकडे धावली. तो आत सरकला, पण बेल्टची कडी दोराला आवळली गेली होती आणि चीक लागून बधिर झालेल्या बोटांना ती सुटेना. हजारदा सोडलेली कडी. बाईंनी काल गॅलरीला कडी घातली होती, पण आज काढली असेल तर? कपडे काढायला बाहेर आल्या असतील तर? पेपर बाहेर राहिला असेल तर? तो कडीशी झटत होता आणि तोंडाने नुसतं “बाई, बाई” म्हणत होता.

“आहेत!” खालून बायकोचा आवाज आला. “आत आहेत! अहो, ठीक आहेत त्या!”

तो होता तिथेच बसला.

पोळपाटाएवढा गिलाव्याचा तुकडा खुर्चीवर पडला होता. वेताची बैठक फाटून खाली लोंबत होती. तुकडा पडला तिथे छताचे गज उघडे पडले होते, गंजून फुगलेले, पापुद्रे सुटलेले. दुपारी इंजिनिअर आला. त्याने लहान हातोडीने ठिकठिकाणी ठोकून पाहिलं आणि दोन्ही गॅलऱ्या बंद करून खाली लोखंडी टेकू लावायला सांगितले.

“हे माझ्यामुळे झालं ना?” लिफ्टवाल्याने विचारलं.

“गज आधीपासूनच गंजत होते,” इंजिनिअर म्हणाला. “दहा वर्षांनी पडलं असतं ते तुम्ही आज पाडलंत. वजनापेक्षा पाण्याने घात केला. मुळाने त्याला वाट करून दिली.”

माफी की शिक्षा, यातलं नक्की काय मिळालं हे त्याला कळलं नाही.

दुरुस्तीचं काम जवळजवळ चार महिने चाललं. त्याने स्वतःहून सोसायटीच्या नोटिशीत आपली चूक लिहायला लावली, म्हणजे बाकीचे तरी आपापल्या गॅलरीकडे बघतील. त्यावरून लिफ्टमध्ये त्याची चेष्टा झाली. “लिफ्टवाले, उतरू का? की माझ्यासकट चालेल?” तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा, आणि सातवा माणूस चढला की पूर्वीसारखाच दारात पाय घालायचा. बाईंसाठी त्याने नवी खुर्ची आणली. त्यांनी ती दारातूनच परत पाठवली.

झाडाचा बुंधा त्याने खाली पंपाच्या खोलीशेजारी जमिनीवर एका टबात लावला होता. मुळं छाटून मुठीएवढी केली होती. पानं सगळी गेली होती. दोन महिने तो एक वाळका दांडाच होता. मग सालीखालून हिरवे कोंब फुटले, आणि त्यातला एक किड्याने खाल्ला. बायको म्हणाली, जगेल. फळांचं मात्र दोन वर्षं नाव काढायचं नाही, असं रोपवाटिकेवाल्याने सांगितलं होतं.

टेकू कायमचे काढण्याआधी ते सैल करून इंजिनिअरने वजन ठेवून बघायचं ठरवलं. लिफ्टवाल्याच्या गॅलरीत वाळूची पोती रचायची, खाली बाईंच्या छताला ते किती वाकतं हे दाखवणारा मापक लावायचा, एक दिवस तसंच ठेवायचं, आणि काटा किती हलतो ते बघायचं. पोती रचत असताना लिफ्टवाला बाईंच्या खोलीत, गॅलरीच्या बंद काचेच्या दाराशी उभा होता. बाईंनी त्याला बोलावलं नव्हतं, पण जायलाही सांगितलं नाही. दोघं काचेतून त्या काट्याकडे बघत राहिले.

“किती झाली?” बाईंनी विचारलं. चार महिन्यांत त्या त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या.

“बारा पोती. सहाशे किलो.”

“म्हणजे किती माणसं?”

“नऊ होतील.”

वर आणखी एक पोतं पडलं. काटा किंचित थरथरला. लिफ्टवाल्याने दाराची मूठ घट्ट धरली. बाईंनी ते पाहिलं.

“तुम्हालाही भीती वाटते,” त्या म्हणाल्या.

“रोज वाटते, बाई. आता तर कुठल्याही छताखाली वाटते.”

“वाटायलाच हवी,” त्या म्हणाल्या आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. दोन कपांचं.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने काटा वाचला, वहीत लिहून घेतलं आणि पोती उतरवायला सांगितली. सगळं मापात होतं. टेकू निघाले. बाईंनी दाराची कडी काढली, एक पाऊल बाहेर टाकलं, वरच्या कोऱ्या पांढऱ्या छताकडे पाहिलं, मग दुसरं पाऊल टाकलं. पाच-सहा श्वास घेईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. लिफ्टवाला उंबऱ्याशी उभा होता, एक हात पुढे करून.

“पुरे आजच्यापुरतं,” त्या म्हणाल्या आणि आत आल्या.